विहिरीतल्या बाईचा आवाज

बऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्यात, एका केळीच्या बागेत, पत्र्याच्या शेडमध्ये, पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पदर सावरत पुढे, बाप्ये मागे, लेकरं जिथे फट सापडेल तिथे. ऊद, धूप आणि घाम यांचा असा काही वास कोंडला होता की पल्लवीने नाकाला रुमाल लावला. समोर चौथऱ्यावर देवराम महाराज बसले होते. भगवी लुंगी, गळ्यात माळांचा ढीग, हातात माइक. दोन्ही बाजूंना माणसाएवढे उंच स्पीकर, आणि त्यांतून ढोल असा दणाणत होता की छातीची हाडं थरथरावीत.

त्या दोन स्पीकरांच्या मधोमध, सतरंजीवर, दोन्ही कान दाबून, गुडघ्यात डोकं घालून पल्लवीची भाची बसली होती. हिमानी. पंधरा वर्षांची.

"कोण आहेस तू?" महाराज माइकमध्ये गरजले. "बोल! ह्या निष्पाप लेकराच्या देहात कोण शिरलंय? मी साडेतीन पिढ्यांचा हिशोब जाणतो. मला फसवू नको!"

साडेतीन पिढ्या म्हणजे नेमक्या किती, हे विचारायला कोणी उभं राहिलं नाही. ढोल वाढला, झांजा आल्या. एका चेल्याने हिमानीच्या नाकाशी धुपाटणं धरलं. पोरगी मागेपुढे झुलायला लागली, मग किंचाळली, मग तिने स्वतःचं मनगट कचकन चावलं. बायांनी "माय वं!" करत हात जोडले.

ढोल जरा उतरला, महाराजांनी माइक तिच्या तोंडाशी धरला, आणि ती बोलली. घरात धड एक वाक्य सलग न बोलणारी हिमानी भलत्याच कुणाच्या तरी आवाजात बोलली. खरखरीत, दम लागलेल्या वयस्कर बाईच्या आवाजात.

"मी विहिरीतली. मला पाण्यात ढकललं. मी नाही जाणार. मी विहिरीतली."

माइक लगेच मागे गेला, ढोल परत चढला. सगळ्या शेडचा श्वास एकदम अडकला. मग कुजबुज सुटली. शेजारच्या फोपनार गावातल्या एका म्हाताऱ्याला ती विहीर लगेच ओळखू आली. त्याच्या पलीकडच्या बाईला दुसरीच विहीर ओळखू आली, तिच्या माहेरची. तापीच्या काठाला असं कुठलं गाव आहे जिथे एखाद्या विहिरीबद्दल लोक दबक्या आवाजात बोलत नाहीत? प्रत्येकाने आपापली विहीर काढली आणि प्रत्येकाला खूण पटली.

महाराजांनी हात वर केला. ढोल थांबला, झांजा थांबल्या, पोरीच्या डोळ्यांवर मारलेला हॅलोजनचा झोत विझला. महाराजांनी हिमानीच्या कपाळाला अंगारा फासला आणि डोळे मिटून पुटपुटले. हळूहळू तिचं झुलणं कमी झालं. ती सतरंजीवर कलंडली आणि पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडून राहिली.

"झाली शांत!" महाराज म्हणाले. "पण बाई हट्टी आहे. अजून येणं लागेल."

जयजयकार झाला. पल्लवीच्या शेजारी उभी असलेली तिची मोठी बहीण सुनंदा पदराने डोळे पुसत होती. "पाहिलंस पल्लू? एका मिनिटात शांत केलं. आम्हाला घरी रात्र रात्र जमत नाही."

पल्लवी शाळेत विज्ञान शिकवायची. बहिणीने शपथ घातली म्हणून ती आली होती. पण तो आवाज तिलाही चकवून गेला होता. तो आवाज हिमानीचा नव्हता, हे खरंच होतं. मग कोणाचा होता?

बाहेर पडताना दाराशी मालूबाई उभी होती. ही महाराजांची सेविका. ज्याला उपचार करायचे त्याला सकाळीच आणून तिच्या स्वाधीन करायचं, ती त्याला मागच्या 'शुद्धीच्या खोलीत' नेणार आणि घरच्यांनी बाहेर थांबायचं, असा तिथला नियम होता. मालूबाई सगळ्यांच्या तळहातावर अंगारा ठेवत होती. "घे माझी गाय, घे. घरात शिंपड, माझी गाय." म्हातारा असो, पोरगा असो, मालूबाईला सगळेच गाय.

हिमानीला ऑटिझम आहे, हे ती लहान असतानाच इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला बोलणं उशिरा आलं आणि आलं ते वेगळ्याच वाटेने. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत करायची, आवाजासकट. लहानपणी ती बऱ्हाणपूर स्टेशनवरची घोषणा अशी हुबेहूब करायची की शेजारच्या खोलीतला माणूस पिशवी उचलायला धावावा. भूक लागली की आईच्या आवाजात "चल, जेवून घे" म्हणायची. घरच्यांना त्याची सवय झाली होती. शाळेत एक वेगळा वर्ग होता, तिथे तिचं बरं चाललं होतं.

मग मागच्या वर्षापासून सगळं बिनसलं. पोरगी खाईना, झोपेना. दाराची कडी वाजली तरी दचकायची. कपडे बदलायचे म्हटले की ओरडायची, जिना उतरायला घेतलं की उलटी करायची. शाळा सुटली. आणि दिवसभर एकच वाक्य, एका पुरुषाच्या आवाजात: "आज बंद, उद्या पाहू. आज बंद, उद्या पाहू." बुधवाऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यातल्या, शेजारणींना एवढं पुरेसं होतं. पोरीच्या अंगात बाप्या बोलू राह्यला, असं एकीने म्हटलं, दुसरीने निंबोल्याचा पत्ता दिला.

बैठकीनंतर दोन दिवसांनी पल्लवी बहिणीकडे गेली. हिमानी खाटेच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती. मनगटावर दातांचे व्रण काळेनिळे पडले होते. पल्लवी जरा अंतरावर बसली. बऱ्याच वेळाने हिमानीने शेजारचा रिकामा पेला उचलला, त्यात डोकावली आणि खरखरीत आवाजात म्हणाली,

"पाणी नंतर. आधी म्हण. परत म्हण, माझी गाय."

विहिरीतली बाई पुन्हा बोलली होती, पण यावेळी तिने आपली ओळख सांगितली होती. तो दम लागलेला घोगरा आवाज मालूबाईचा होता. त्या 'शुद्धीच्या खोलीत' सकाळपासून कोंडून, तहानलेल्या पोरीकडून वाक्य पाठ करून घेत होते. आणि ही पोरगी ऐकलेलं वाक्य आवाजासकट परत देते, हे त्यांना आईनेच भाबडेपणाने सांगितलं असणार.

तिने स्वयंपाकघरात जाऊन सुनंदाला ते सांगितलं. सुनंदा पोळी लाटता लाटता थांबली.

"असं कसं करतील गं? देवाच्या जागी?"

"ताई, ती देवाची जागा नाही. हा देवराम दोन वर्षांमागे लग्नाच्या वरातीत डीजे लावायचा. कोणता आवाज कुठे चढवला की माणूस कसा उसळतो, एवढंच त्याला येतं."

तेवढ्यात निलेश, हिमानीचे वडील, आत आले. बुधवाऱ्यात त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता, घराला लागूनच. दिवसभर मशीनवर आणि रात्रभर पोरीपाशी उभं राहून माणूस निम्मा झाला होता.

"बस कर पल्लवी," ते म्हणाले. "तुझ्या डॉक्टरने काय दिलं आम्हाला? एक नाव दिलं फक्त. ऑटिझम. त्या नावाने पोरगी झोपते का? तिथून आली की सकाळपर्यंत झोपते, मेल्यासारखी झोपते."

"मेल्यासारखीच झोपते, जीजाजी. तुम्हाला स्पीकरच्या तोंडाशी बसवून तासभर बडवलं तर तुम्हीही तसेच पडाल. आपण इंदूरला जाऊ. ऑटिझम जुना आहे, हे नवीन काय आहे ते विचारू. फक्त ह्या गुरुवारच्या बैठकीला तिला तिकडे नेऊ नका."

"ठीक आहे," निलेश म्हणाले. पल्लवीने विश्वास ठेवला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तिने बहिणीला फोन लावला. उचलला नाही. घरी जाऊन पाहते तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "वो तो सकाळीच निंबोला गेले ना." पल्लवीने स्कूटर वळवली.

शेडपाशी पोचली तेव्हा ढोल टिपेला गेला होता. हिमानी चौथऱ्यावर होती. यावेळी तिचे हात पाठीमागे एका चेल्याने धरून ठेवले होते, म्हणजे तिला कानही झाकता येऊ नयेत. तिचं तोंड उघडं होतं, पण ढोलापुढे तिची किंकाळीसुद्धा ऐकू येत नव्हती. आणि समोरची माणसं हात जोडून ते पाहत होती. काहींच्या हातात मोबाइल होते. पल्लवीला किळस आली. महाराजाची तर आलीच, पण त्या जोडलेल्या हातांचीही आली.

ती गर्दीत शिरली नाही. शेडच्या कडेने मागे गेली. तिथे जनरेटर होता, त्यातून एक जाड वायर आत गेली होती. तिने जनरेटरचं बटण बंद केलं आणि वायरची पिनही ओढून काढली.

ढोल तुटला. दिवे गेले. पंखे गरगरत मंदावले. एवढ्या गोंगाटानंतर आलेली ती शांतता पत्र्याखाली जड होऊन बसली. पल्लवी चौथऱ्यावर चढली आणि चेल्याला म्हणाली, "हात सोड तिचे." तो गोंधळला आणि त्याने सोडले.

पण हिमानी थांबली नव्हती. सकाळपासून तिच्या डोक्यात जे कोंबलं होतं ते भीतीने सुरू झालं होतं, आणि आता ते मध्येच तोडायला ढोल नव्हता. कान दाबून, डोळे मिटून, ती खरखरीत आवाजात बोलत राहिली. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द अन् शब्द ऐकू जात होता.

"मी विहिरीतली. मला पाण्यात ढकललं. मी नाही जाणार." मग एक खोकल्याची उबळ, हुबेहूब. आणि मग, त्याच आवाजात: "असं नाही, जोरात म्हण. परत म्हण, माझी गाय. पाणी नंतर. म्हणली नाही तर चिमटा. परत म्हण. ढोल वाजला का म्हणायचं, समजलं? अरे ह्या येडीला पाणी देऊ नको रे, महाराज ओरडतील. परत म्हण, माझी गाय."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. आणि सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या, जिथे अंगाऱ्याचं ताट घेऊन मालूबाई उभी होती.

महाराज मात्र धंद्यात मुरलेले होते. माइक मेला तरी त्यांनी तो तोंडासमोरच धरला. "सावधान! भूत चालाख आहे! आता ते मालूबाईच्या आवाजाची नक्कल करू राह्यलं! माझ्या साधनेत विघ्न आणू राह्यलं!"

"म्हणजे आतापर्यंत मेलेल्या बाईचं भूत होतं," पल्लवी म्हणाली, "आणि आता जिवंत बाईचं आलं? महाराज, मालूबाई समोर उभी आहे. तिचं भूत कधी झालं ते तिला तरी सांगा."

आता बरेच जण हसले. पण जे हसले नाहीत त्यांच्यासाठी पुढची गोष्ट घडली. सुनंदा गर्दीतून वाट काढत चौथऱ्यावर आली. तिने ना महाराजाकडे पाहिलं, ना बहिणीकडे. पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि हिमानीसमोर धरली. हिमानीने ती दोन्ही हातांनी हिसकावली आणि तोंडाला लावली. ती पीत राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, ड्रेसवर ओघळलं, श्वास अडकला, ठसका लागला, तरी तिने बाटली खाली केली नाही. शेवटचा थेंब संपला तेव्हा तिने ती रिकामी बाटली आईपुढे धरली. अजून हवं होतं.

पुढच्या रांगेतल्या बाया ते पाहत होत्या. त्यांना शास्त्र कळत नव्हतं, पण तहान कळत होती. एक म्हातारी उठली, दाराशी गेली आणि मालूबाईच्या हातातलं ताट तिने सरळ उलटं केलं.

"लेकराला पानी नाही दिलं तू, सटवे?" ती म्हणाली. "उन्हाच्या दिवसात?"

"ऐका," पल्लवी लोकांना म्हणाली. "ह्या पोरीला आवाज सहन होत नाही. आपल्याला जो ढोल नुसता मोठा वाटतो तो तिला मारल्यासारखा लागतो. ह्यांनी तिला ढोलाने, उजेडाने, धुराने मारलं. ती ओरडली की म्हणाले, भूत आहे. मग स्वतःच ढोल बंद केला. ती दमून पडली की म्हणाले, पाहा, शांत केलं. अहो, एखाद्याने तुमच्या पायावर पाय द्यायचा, आणि मग त्याने तो उचलला म्हणून तुम्ही त्याच्या पाया पडायचं?"

निलेश कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, पोरीला हात लावायला गेले आणि अर्ध्यातच थांबले, कारण ती आक्रसली. मग त्यांनी फक्त समोरची गर्दी बाजूला केली, दोन्ही हात पसरून, आणि मायलेकींना वाट करून दिली. शेडबाहेर त्यांनी पल्लवीला एवढंच विचारलं, "इंदूरला कधी निघायचं?"

इंदूरच्या डॉक्टर शीतल यांनी हिमानीला आधी काही विचारलंच नाही. दवाखान्यातली ट्यूबलाइट बंद केली, दारावरची बेल काढून ठेवली आणि तिला खिडकीपाशी बसू दिलं. मग दात तपासायला सांगितले, पोट तपासायला सांगितलं. ज्याला दुखणं सांगता येत नाही त्याचं दुखणं आधी शोधावं लागतं, म्हणाल्या. एक दाढ किडलेली निघाली. पण तेवढ्याने सगळं उलगडत नव्हतं.

"ती काय बोलते?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. निरर्थक," निलेश म्हणाले. "आज बंद, उद्या पाहू. एवढंच."

"हे कोणाचं वाक्य आहे?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. आणि निलेशचा चेहरा उतरला. "माझ्या मिस्तरीचं," ते हळूच म्हणाले. "आम्ही मागच्या वर्षी जुने लूम काढून नवीन मशीन बसवले. तेव्हा तो रोज येऊन म्हणायचा. महिनाभर कधी चालू, कधी बंद."

हिमानी जन्मापासून त्या लूमच्या खटखटीत वाढली होती. भिंतीपलीकडे सकाळी खटखट सुरू झाली की उठायचं, थांबली की जेवायचं. त्या ठोक्याने तिचा दिवस बांधलेला होता. तो एके दिवशी कोणी न सांगता गेला, आणि जागी आली नवीन मशीनची किरर्र, तीही कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही. त्याच महिन्यात शाळेतली तिची बाई बदलून गेली.

"तुम्ही म्हणता ती बोलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती वर्षभर तुम्हाला कारणच सांगत होती. ऑटिझम हा काही उतरवायचा ताप नाही, तो तिचा स्वभाव आहे, तो राहील. पण ही भीती, ही चिंता, ही वेगळी आहे. ऑटिझम असलेल्या खूप जणांना ती असते. आपण तिला हट्ट म्हणतो, वेड म्हणतो, आणि उपचार राहून जातो. हिच्यावर उपचार आहे."

उपचारात चमत्कार काहीच नव्हता, आणि म्हणूनच तो लांबला. दिवसात काय काय होणार त्याची चित्रं भिंतीवर लागली. बदल असेल तर आदल्या दिवशी चित्र बदलायचं, तिला दाखवून. कानांवर घालायला आवाज अडवणारे हेडफोन आले. भीती चढू लागली की हिमानीचे हात थरथरतात, पोटात गोळा येतो, या खुणा सुनंदा तिच्याबरोबर ओळखायला शिकली. तसं झालं की हिमानीने दाखवायला 'थांबा' असं एक कार्ड होतं. जिन्याची भीती एका पायरीने सुरू झाली. ती पायरी सवयीची झाली की मगच दुसरी. डॉक्टरांनी थोड्या मात्रेत औषध दिलं, आणि ते मानवतं का हे दर भेटीत तपासलं. गुंगी आणणं म्हणजे बरं करणं नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं. निलेशनी मशीनची वेळ बांधून टाकली आणि चालू करण्याआधी ते भिंतीवर थाप मारू लागले.

वाईट दिवस अजूनही येतात. पण हिमानी जेवते. कार्ड दाखवते, आणि कार्ड दाखवलं की घर खरोखर थांबतं. मागच्या आठवड्यात ती मावशीबरोबर गच्चीवर बसली आणि मावशीच्याच आवाजात म्हणाली, "बरं वाटतंय का गं?" पल्लवीने उत्तर द्यायला घेतलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की पोरगी स्वतःबद्दलच सांगत होती.

देवराम महाराजाविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली. शेडला कुलूप लागलं, चार महिने गावात थट्टा चालली. मग कळलं की तो आता दुसऱ्या तालुक्यात बसतो. स्पीकर तेच. फक्त मालूबाईच्या जागी दुसरी कोणी तरी आहे.

परवा फोपनारची एक बाई शाळेत तिला शोधत आली. आठ-नऊ वर्षांचा मुलगा पदराला धरून मागे लपला होता. बाई म्हणाली, "मॅडम, महाराज आता कुठे बसतात ते तुम्हाला माहीत असेल ना? पोरगं बोलत नाही, भिंतीला डोकं आपटतं. लोक म्हणतात, बाहेरचं आहे."

पल्लवीला आधी संताप आला. मग तिने बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, आणि तिला खुर्ची दिली.

"बसा ताई. महाराजाचा पत्ता मी देणार नाही, डॉक्टरचा देते. हवं तर सोबत येते. पण त्याआधी मला सांगा, हा डोकं आपटतो तेव्हा आसपास काय चालू असतं?"

बाई गोंधळली. "म्हणजे?"

"म्हणजे कुकरची शिट्टी होते का? पाहुणे येतात का? ट्रॅक्टर येतो? की काही दुखतं त्याचं? कधी पाहिलंय?"

"हे कोणी विचारलंच नाही आजपर्यंत," बाई म्हणाली.

"मग आपण विचारू. तुमचं पोरगं घाबरतंय, ताई. त्याच्यात दुसरं कोणी शिरलेलं नाही, तिथे तोच आहे, एकटा. त्याला कशाची भीती वाटते ते शोधायला वेळ लागेल, चुकेलही, पण सापडेल. जो कोणी ते न शोधता नुसता ढोल वाजवतो, त्याच्या दारात पोराला परत नेऊ नका. आणि कोणी नेत असेल तर मध्ये उभ्या राहा."

बाईने मुलाकडे वळून पाहिलं. मग जरा विचार करून म्हणाली, "पंखा. वरचा पंखा लावला की आपटतो. तो कडकड करतो ना."

पल्लवीने उठून वर्गातला पंखा बंद केला. मुलगा पदरामागून हळूच बाहेर आला.